थर्मल दुर्बिणीतील बॅटरी : आकाराचे साम्य, विद्युतदाबाचा भेद

थर्मल दुर्बीण उजेडावर अवलंबून नसते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार जे अवरक्त किरण बाहेर टाकते, त्यांपैकी साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण ती जर्मेनियमच्या भिंगातून आत घेते, कारण साधी काच त्यांना अडवते. ते किरण मायक्रोबोलोमीटर या संवेदकावर, म्हणजे उष्णतेने रोध बदलणाऱ्या अतिसूक्ष्म घटकांच्या जाळीवर पडतात आणि त्या बदलांतून पडद्यावर चित्र उमटते. संवेदक, प्रक्रियक आणि पडदा हे तिन्ही सतत वीज घेत असल्यामुळे सेल लवकर संपतात, आणि म्हणूनच वापरणाऱ्याचे लक्ष पुन्हा चार्ज करता येणाऱ्या सेलांकडे वळते.

अशा अनेक उपकरणांची रचना सीआर१२३ए या एकदाच वापरायच्या लिथियम सेलासाठी झालेली असते. त्याचा विद्युतदाब ३ व्होल्ट असतो. परंतु जवळजवळ त्याच आकाराच्या १६३४० या लिथियम-आयन सेलाचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. एकामागोमाग जोडलेल्या दोन सेलांच्या जागी असे दोन बसवले, तर ६ व्होल्टऐवजी ८.४ व्होल्ट आत जातात, आणि उपकरणाची मर्यादा तेवढी नसेल तर आतील परिपथ निकामी होऊ शकतो. पेन्सिल सेलाच्या मापाच्या १४५०० या लिथियम-आयन सेलाबाबत तफावत आणखी मोठी असते, कारण तेथे १.५ व्होल्टची अपेक्षा असते.

उलट, दोन सीआर१२३एच्या जागी १८६५० हा एकच लिथियम-आयन सेल घातल्यास दाब कमी पडतो. उपकरणाला लागणारी शक्ती जवळपास कायम असल्याने दाब उतरला की प्रवाह वाढतो, सेल अधिक ताणला जातो, आणि त्यातील संरक्षक परिपथाने पुरवठा तोडला की चित्र अचानक नाहीसे होते. मूळ सेलांच्या दाबानुसार आखलेला बॅटरी-दर्शकही अशा वेळी फसवा ठरतो. थंडीत लिथियम-आयन सेलाची उपलब्ध क्षमता घटते. शून्य अंशाखाली तो चार्ज केला, तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचून पुढे अंतर्गत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका राहतो.

सर्वांत गंभीर धोका अनियंत्रित तापवाढीचा आहे. अंतर्गत शॉर्ट सर्किटने किंवा अतिचार्जिंगने सेल तापला की आतील रासायनिक क्रिया स्वतःच आणखी उष्णता निर्माण करतात आणि ज्वलनशील, विषारी वायू बाहेर पडतात. पाण्यापासून संरक्षणासाठी घट्ट बंद केलेल्या कवचात या वायूंना वाट नसेल, तर दाब साचून ते फुटू शकते, आणि हे कवच डोळ्याजवळ धरलेले असते. जुना-नवा किंवा कमी-अधिक चार्ज झालेला सेल एकत्र जोडल्यास दुबळा सेल आधी रिकामा होऊन उलट्या दिशेने भारित होतो. सीआर१२३एसारखा एकदाच वापरायचा सेल तर चार्जरला लावणेच धोक्याचे असते.

यावरून लिथियम-आयन सेल सरसकट त्याज्य ठरत नाहीत. अनेक नव्या दुर्बिणी त्यांच्याचसाठी घडवल्या जातात आणि त्यांत दाब, तापमान व चार्जिंग यांचे नियंत्रण मुळातच योजलेले असते. जुन्या उपकरणात मात्र आकार जुळला, एवढ्यावरून विद्युतीय अनुरूपता गृहीत धरता येत नाही. निर्मात्याने दिलेली विद्युतदाबाची कमाल-किमान मर्यादा आणि मान्य केलेला सेलप्रकार हाच निवडीचा निकष ठरतो.