कापसाचा भाव आणि जगाचे राजकारण

आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र अभ्यासण्यासाठी आपणांस नागपूरबाहेर जाण्याची गरज नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडात भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. शेतकऱ्याची जमीन तीच, कष्टही तेच होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी घोषित झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची गिरणी येथे सुरू झाली आणि ‘एम्प्रेस’ म्हणून ओळखली गेली. भांडवल सत्तेशी कसे बोलते, हे भाषेच्या विद्यार्थ्याने या नावातच वाचावे. आता आपल्या बाजार समितीतील कापसाचा भाव नोंदवा. त्यात आयात शुल्काचा वाटा किती, न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचा किती, ते शोधा.