गच्चीएवढा देश आणि न लागलेलं स्टेशन

सीलँडला धक्का नाही, जेटी नाही. समुद्रातून वर आलेल्या दोन जाडजूड काँक्रीटच्या खांबांखाली होडी आणून उभी करायची. वरून दोराला टांगलेली बैठक खाली येते. तिच्यात बसायचं आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं साठेक फूट वर जायचं. वर लोखंडी गच्ची, गच्चीवर एक घर, घरावर झेंडा. झाला देश. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फेलिक्सस्टो बंदरापासून तो बारा-तेरा किलोमीटरवर आहे. त्याची नाणी आहेत, टपाल तिकिटं आहेत, पासपोर्ट आहेत, राजघराणं आहे. फक्त जगातल्या एकाही सरकारने त्याला मान्यता दिलेली नाही.

देश आधी स्वतंत्र होतो आणि मग आपलं रेडिओ केंद्र काढतो, असा आपला समज. इथे रेडिओ केंद्र चालवता यावं म्हणून देश काढला गेला.

हे समजून घ्यायला १९६० नंतरच्या इंग्लंडमध्ये जायला हवं. माझ्या लहानपणी घरच्या रेडिओचं लायसन्स-पुस्तक पोस्टात नेऊन त्यावर तिकिटं चिकटवून, शिक्का मारून आणायचं काम माझ्याकडे असे. गाणी ऐकायची तर पोस्टात कशाला जायचं, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. त्याचं मूळ इंग्रजांच्या कारभारात आहे. तिथेही बिनतारी यंत्रणा पोस्टखात्याच्या ताब्यात होती आणि पोस्टमास्टर जनरल हा मंत्री होता. रेडिओ-प्रसारणाचा मक्ता बीबीसीकडे. त्यात वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी बीबीसीचे करार झालेले. दिवसाला अमुक इतकेच तास तबकड्या वाजवायच्या, उरलेला वेळ प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना द्यायचा. या मर्यादेला 'नीडल टाइम' म्हणत. म्हणजे बाहेर बीटल्सनी धुमाकूळ घातलेला आणि रेडिओवर बीबीसीचा वाद्यवृंद त्यांचीच गाणी सुटाबुटात वाजवतोय. तरुण पोरं रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावत. तो यायचा, विरायचा, खरखरायचा, परत यायचा.

रोनन ओ'राहिली हा आयरिश तरुण तेव्हा लंडनमध्ये गायकांची कामं बघत होता. आपल्या माणसाची रेकॉर्ड कुठलंच स्टेशन लावत नाही म्हणून वैतागून आपण स्वतःचंच स्टेशन काढलं, असं तो सांगे. त्याच्या आजोबांनी १९१६च्या डब्लिनच्या उठावात इंग्रजांच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हा इंग्रज सरकारचा मुलाहिजा बाळगण्याचं वळण त्या घरात नव्हतंच. कुटुंबाच्या मालकीचं ग्रीनोर हे छोटं बंदरही हाताशी होतं. एक जुनी डॅनिश प्रवासी बोट घेऊन तिच्यावर तिथे उंच डोलकाठी आणि ट्रान्समीटर चढवला आणि २८ मार्च १९६४ ला, ईस्टरच्या शनिवारी, फेलिक्सस्टोसमोरच्या समुद्रातून 'रेडिओ कॅरोलाइन' नियमित बोलू लागला.

युक्ती साधी होती. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा तीन सागरी मैलांची. किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा पोचेल तिथवर राजाची सत्ता, या जुन्या हिशोबातून आलेली. त्यापलीकडे परक्या देशाचं निशाण लावून नांगर टाकला की पोस्टमास्टर जनरल नुसता बघत बसणार. शिवाय खारं पाणी मीडियम वेव्हला फार मानवतं. जमिनीपेक्षा समुद्रावरून या लहरी लांबवर आणि स्वच्छ जातात. त्याच वर्षअखेर रेडिओ लंडनचं जहाज आलं. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेलं सुरुंग काढणारं जहाज, टेक्सासचा पैसा, अमेरिकी धर्तीच्या जिंगल्स. हे धंदेवाईक लोक होते. जाहिराती घेत, अमेरिकी धर्मप्रचारकांना पैसे मोजून घेऊन वेळ विकत आणि मधल्या वेळात उत्तम संगीत लावत. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पायरेट' म्हणजे चाचे म्हटलं. त्यांनी ते नाव मिरवलं.

जहाज महाग पडतं. ज्यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता त्यांची नजर गेली महायुद्धातल्या ओसाड सागरी किल्ल्यांवर. गाय मॉन्सेल या स्थापत्य अभियंत्याने जर्मन विमानं आणि सुरुंग पेरणाऱ्या बोटी यांना रोखण्यासाठी थेम्सच्या मुखाजवळ आणि त्याबाहेर हे किल्ले रोवले होते. नौदलाच्या किल्ल्यांची रचना अशी : खाली बोटीसारखा काँक्रीटचा तराफा, त्यावर दोन पोकळ खांब, खांबांवर तोफांची गच्ची. सगळं किनाऱ्यावर बांधून ओढत न्यायचं आणि वाळूच्या दांड्यावर बुडवायचं. खांबांच्या पोटात एकाखाली एक गोल खोल्या. सैनिक तिथे झोपत आणि भिंतीपलीकडे समुद्र असे. १९५० नंतरच्या दशकात सैन्याने हे किल्ले सोडले आणि ते समुद्रपक्ष्यांकडे गेले.

पक्ष्यांनंतर आले रेडिओवाले. ही मंडळी सगळीच रंगेल, संगीतवेडी नव्हती. शिव्हरिंग सँड्स या किल्ल्यावर 'रेडिओ सिटी' चाले. जून १९६६ मध्ये ट्रान्समीटरच्या वादातून त्या किल्ल्यावर गुंड घुसवले गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री स्टेशनचा मालक रेजिनल्ड कॅल्व्हर्ट प्रतिस्पर्ध्याच्या घरात बंदुकीच्या गोळीने मेला. गोळी झाडणारा ऑलिव्हर स्मेडली स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. सरकारला हवं ते निमित्त मिळालं.

या गर्दीतच पॅडी रॉय बेट्स होता. पंधराव्या वर्षी स्पेनच्या यादवीत लढायला पळालेला, दुसऱ्या महायुद्धात मेजर झालेला, नंतर मासेमारीच्या धंद्यात पडलेला. १९६५ मध्ये त्याने नॉक जॉन किल्ल्यावरून रेडिओ सिटीच्या माणसांना हुसकलं आणि तिथे 'रेडिओ एसेक्स' सुरू केला. किल्ल्यावर सापडलेलं अमेरिकी वायुदलाचं जुनं बीकन-यंत्रच त्याने प्रसारणाला जुंपलं. भोवतालच्या एसेक्स परगण्यासाठी चोवीस तास चालणारं हे स्टेशन. आवाका लहान, पण स्थानिक रेडिओ म्हणजे काय हे बीबीसीच्या आधी त्या भागाला कळलं ते या भंगारातल्या यंत्रामुळे. पण नॉक जॉन हद्दीच्या आत असल्याचं कोर्टात ठरलं, शंभर पौंड दंड झाला आणि १९६६च्या नाताळात स्टेशन बंद पडलं. बेट्सने चंबूगबाळं उचललं आणि निर्विवादपणे हद्दीबाहेर असलेल्या रफ्स टॉवर या किल्ल्यावर नेलं. त्यावर ओ'राहिलीच्या माणसांचाही डोळा होता. बेट्सने त्यांना पेट्रोल बॉम्ब फेकून परतवलं.

तोवर लंडनमध्ये कायदा तयार झाला होता. १९६७चा हा सागरी प्रसारण गुन्ह्यांचा कायदा फार चतुराईने लिहिलेला होता, हे मान्य करावंच लागतं. जहाजाला हात लावायचा नाही. ते आपल्या हद्दीत नाहीच. पण कुठल्याही ब्रिटिश माणसाने तिथे निवेदन करणं, जाहिरात देणं, अन्न, तेल किंवा तबकड्या पोचवणं हा गुन्हा. किल्ल्याला वेढा घालण्याऐवजी रसद तोडली. १४ ऑगस्ट १९६७ ला दुपारी तीन वाजता रेडिओ लंडन थांबला. मध्यरात्री कायदा लागू झाला तेव्हा कॅरोलाइनवर जॉनी वॉकर आणि रॉबी डेल हे निवेदक बोलतच राहिले. आइल ऑफ मॅनच्या लोकसभेने हा कायदा स्वीकारायला नकार दिला होता, तर लंडनने तो त्यांच्यावर लादला. सनक हेड हा किल्ला सरकारने त्याच महिन्यात सुरुंग लावून उडवला.

आणि २ सप्टेंबर १९६७ ला बेट्सने रफ्स टॉवरवर झेंडा चढवून 'सीलँड' हे स्वतंत्र राज्य जाहीर केलं. त्या दिवशी त्याची बायको जोन हिचा वाढदिवस होता. एकेकाळची मॉडेल असलेली ही बाई एका दिवसात राणीसाहेब झाली. बायकोला भेट द्यायला साडी-दागिने सोडून देशच, अशी चर्चा आपल्याकडे नक्की झाली असती.

मात्र या देशातून रेडिओ कधी बोललाच नाही. यंत्रं वर चढवलेली होती, पण कार्यक्रम एकही गेला नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. स्वातंत्र्य जाहीर करून हद्दीचा प्रश्न सुटतो, जाहिरातींचा नाही. निवेदक ब्रिटिश, गिऱ्हाईक ब्रिटिश, साबण विकणारा ब्रिटिश, आणि ते सगळे किनाऱ्यावर कायद्याच्या तावडीत. राजा स्वतंत्र असून उपयोग काय, जाहिरातदार प्रजाच राहिला.

शिवाय ज्यासाठी हे रामायण झालं ते किनाऱ्यावर होऊनच गेलं. ३० सप्टेंबर १९६७ ला, सीलँड अजून महिन्याचाही झालेला नसताना, बीबीसीने 'रेडिओ वन' सुरू केला. पहिला निवेदक टोनी ब्लॅकबर्न, कॅरोलाइन आणि रेडिओ लंडनवरून आलेला. केनी एव्हरेट आणि जॉन पील हेही त्याच वाटेने आले. चाच्यांना बुडवून त्यांचा खलाशीवर्ग सरकारी जहाजावर घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटलं तर नवल नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार होऊ लागलं. श्रोत्यांनी काटा फिरवला तो रेडिओ सिलोनवर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी ती मुंबईत ध्वनिमुद्रित करत आणि टेप कोलंबोला जाई. आपल्याला समुद्रात गच्ची बांधावी लागली नाही, कारण समुद्रापलीकडे खराखुरा देश आणि महायुद्धात माउंटबॅटनच्या सैन्यासाठी उभारलेले दणकट ट्रान्समीटर तयार होते. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. तिच्यावर जाहिरातींना मुंबई, पुणे आणि नागपूर इथून सुरुवात झाली ती १ नोव्हेंबर १९६७ ला, रेडिओ वननंतर महिनाभराने.

सीलँडची पुढची हकीकत रेडिओची नाही, बातम्यांची आहे. १९६८ मध्ये जवळ आलेल्या बोटीच्या दिशेने बेट्सच्या मुलाने, मायकेलने, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या. चेम्सफर्डच्या कोर्टाने घटना आपल्या हद्दीबाहेरची म्हणून हात झटकले. हाच निकाल सीलँडवाले आजवर सनद म्हणून दाखवतात. १९७८ मध्ये अलेक्झांडर आखेनबाख या जर्मन माणसाने भाडोत्री माणसं पाठवून किल्ला घेतला आणि मायकेलला ओलीस धरलं. बेट्सने हेलिकॉप्टरने उतरून तो परत घेतला आणि सीलँडचा पासपोर्ट बाळगणाऱ्या एका जर्मन वकिलाला राजद्रोहाच्या आरोपाखाली डांबून ठेवलं. त्याला सोडवायला जर्मनीने लंडनच्या दूतावासातला अधिकारी पाठवला. बेट्सच्या लेखी ही मान्यताच. १९८७ मध्ये ब्रिटनने सागरी हद्द बारा मैल केली आणि सीलँड आपोआप तिच्या पोटात आलं. सन २००० मध्ये 'हेवनको' नावाची कंपनी तिथे संगणक ठेवायला गेली. कुठल्याही सरकारचा हात पोचणार नाही अशी माहितीची तिजोरी, असा गाजावाजा झाला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर किल्ला झळकला आणि २००८ मध्ये तो खेळही आटोपला. रॉय बेट्स २०१२ मध्ये गेला. आता मायकेलचं कुटुंब इंटरनेटवरून सरदारक्या आणि बिरुदं विकून राज्य चालवतं. स्वतःचं प्रसारण नसलेला हा देश पन्नासहून अधिक वर्षं जगला तो दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांवर आणि वर्तमानपत्रांवर.

सगळी सरकारं इतकी सबुरीची नसतात, हेही सांगायला हवं. डच किनाऱ्यासमोर समुद्रात उभारलेल्या आरईएम बेटावरून १९६४ मध्ये चक्क दूरचित्रवाणी सुरू झाली होती. डिसेंबरात हेलिकॉप्टरं उतरली आणि ती बंद झाली. इटलीत रिमिनीसमोर जॉर्जो रोझा या अभियंत्याने १ मे १९६८ ला आपल्या चारशे चौरस मीटरच्या फलाटाचं राष्ट्र जाहीर केलं, राजभाषा एस्पेरांतो ठेवली. दोन महिन्यांच्या आत पोलिसांनी ते ताब्यात घेतलं आणि पुढच्या वर्षी नौदलाने सुरुंगांनी उडवलं.

आणि कॅरोलाइन? उधारी थकली म्हणून १९६८ मध्ये तिची जहाजं ओढून नेली गेली, त्यातलंच परत आणलेलं एक जहाज १९८० मध्ये वादळात बुडालं, त्यानंतरचं १९९१ मध्ये वाळूत रुतलं. २०१७ मध्ये मात्र तिला मीडियम वेव्हवर प्रसारणाचा रीतसर परवाना मिळाला. फ्रीक्वेन्सी ६४८ किलोहर्ट्झ, जिच्यावरून पूर्वी बीबीसीची वर्ल्ड सर्व्हिस लागायची. ट्रान्समीटर सफोकच्या ऑर्फर्डनेसला, तोही बीबीसीच्याच जुन्या जागेवर. सीलँड याच किनाऱ्यासमोर उभं आहे.