खर्ज सुटू नये म्हणून
बेस गिटारवरच्या कोरसच्या पन्नास वर्षांचा मागोवा

भजनाची पेटी ज्याने जवळ बसून ऐकली आहे, त्याच्या कानाला कोरस अनोळखी नाही. गणपतीपुळे, मालगुंड, वरवडे, नेवरे या पट्ट्यात बुवांच्या पेट्या बहुधा दुहेरी रीडच्या. एक पट्टी दाबली की आत दोन रीड बोलतात. खर्ज-नर जोडीत त्यांतली एक सप्तकभर खाली असते. नर-नर जोडीत मात्र दोन्ही रीड एकाच सुराच्या, आणि त्यांच्यात केसभर अंतर राहिले की सूर रुंदावतो. ४४० आणि ४४२ कंपनांचे दोन सूर एकत्र वाजले, तर सेकंदाला दोन हेलकावे येतात. टाळ-पखवाजाच्या कल्लोळातही पेटी भरलेली वाटते, त्यात या हेलकाव्यांचा वाटा मोठा आहे.

कोरस पेडल हेच काम विजेवर करते. वाजलेल्या सुराची एक प्रत काढायची, ती काही मिलिसेकंद मागे ठेवायची, तो विलंब सतत थोडा कमी-जास्त करत राहायचे आणि ही प्रत मूळ सुरात मिसळायची. विलंब बदलत असताना प्रतीचा सूर किंचित चढतो, किंचित उतरतो, आणि एकाच्या जागी दोघे वाजवत असल्याचा भास होतो. गिटारला हे लगेच मानवले. बेसला मानवायला बराच काळ गेला. मला सांगायचे आहे ते त्या काळाबद्दल, कारण पेडल निवडताना आजही तोच प्रश्न समोर येतो.

या सगळ्याचे मूळ १९६९ सालात आहे. फिलिप्स कंपनीतल्या सँगस्टर आणि टीअर या दोघांनी एक मंडल तयार केले. त्यात विद्युतभार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा सरकतो. आग विझवायला रांगेत उभी राहिलेली माणसे बादली हातोहात पुढे देतात, तसेच. रांग जितकी लांब किंवा चाल जितकी संथ, तितका आवाज उशिरा बाहेर पडतो. १९७५ मध्ये रोलँडने जेसी-१२० हा जॅझ कोरस अँप्लिफायर काढला. त्यात दोन स्पीकर, प्रत्येकी ६० वॉटचे. कोरस चालू केला की एकातून साधा आवाज येई आणि दुसऱ्यातून हलता. दोघांची मिसळण तारांमध्ये होत नसे, समोरच्या हवेत होत असे. त्या अँपसमोर उभे राहून ऐकलेला कोरस पुढच्या कुठल्याही डबीत सापडत नाही, असे जुने वादक सांगतात आणि मला ते खरे वाटते.

१९७६ मध्ये हेच मंडल अँपमधून काढून वेगळ्या पेटीत घातले गेले. बॉस या नावाखाली निघालेले ते पहिले पेडल, सीई-१. ते आकाराने मोठे होते आणि थेट घरच्या विजेवर चाले. १९७९ मध्ये सीई-२ आले, तळहातावर मावणारे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, फक्त दोन बटणांचे: वेग आणि खोली. त्याच्या पोटात एमएन-३००७ ही १०२४ टप्प्यांची चिप होती. पुढच्या दशकात गिटारच्या स्वच्छ आवाजावर कोरस असणे हा जवळजवळ नियमच झाला.

बेसवाल्यांनीही तीच पेडले पायाखाली घेतली, आणि तिथे अडचण सुरू झाली. बेसच्या चार मोकळ्या तारा सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. आता प्रत दहा मिलिसेकंद मागे असेल, तर ५० हर्ट्झच्या सुरापाशी मूळ आवाज वर जात असताना प्रत खाली जात असते आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. पाच मिलिसेकंद विलंबाला हीच गत १०० हर्ट्झपाशी होते. कोरसमध्ये विलंब स्थिर नसतो, म्हणून हा खड्डा बेसच्या नेमक्या कामाच्या सुरांतून मागे-पुढे फिरत राहतो. गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झचा. तिचा बराचसा कारभार त्याच्या वर चालतो, म्हणून तिचे फारसे बिघडत नाही. बेसवर मात्र एक सूर दणकून येतो, पुढचा पोकळ लागतो, आणि ढोलकीवाला मागे वळून बघतो. खर्ज सुटला की गाण्याखालची जमीनच जाते.

जाणत्या वादकांनी यावर आपापल्या वाटा काढल्या. जेको पास्टोरियसचा पहिला अल्बम १९७६ चा. त्यातल्या ‘कन्टिन्युअम’मध्ये त्याने पेडल वापरलेच नाही, एकच बेस दोनदा ध्वनिमुद्रित केला. दोन वेळच्या वाजवण्यात जो नैसर्गिक फरक राहिला, त्यातून ती रुंदी आली. इंग्लंडमध्ये जॉय डिव्हिजनचा पीटर हुक गिटारच्या गोंगाटात आपला बेस ऐकू यावा म्हणून गळ्यावर उंच चढून वाजवू लागला आणि कोरस ही त्याच्या आवाजाची ओळख बनली. तिथे तो शोभला, कारण खालच्या सुरांचे काम त्याने बेसकडे ठेवलेच नव्हते. बेसला कोरस लावायचा तर वर जा, किंवा खालचा भाग कोरसपासून वाचवा: दोनच रस्ते होते.

दुसरा रस्ता पेडलवाल्यांनी उशिरा धरला. १९८७ मध्ये बॉसचे सीई-२बी हे खास बेससाठीचे कोरस आले. त्यामागून आलेल्या सीईबी-३ मध्ये ‘लो फिल्टर’ नावाचे बटण आहे, त्याने कोरस कुठल्या सुरांच्या वर लागू व्हावा हे ठरवता येते. एमएक्सआरच्या बेस कोरस डिलक्समध्ये एक स्विच दाबला की १०० हर्ट्झखालचा आवाज जसाच्या तसा पुढे जातो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस क्लोनमध्येही क्रॉसओव्हरचा स्विच आहे. बाकी रंगरूप, किंमत, नाव या गोष्टी दुय्यम. बेससाठी पेडल निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: खालचा भाग कोरा ठेवायची सोय आहे का? ती नसेल तर निदान मूळ आवाजात प्रत किती मिसळायची याचे बटण तरी हवे.

आमच्या किनाऱ्यावर हा इतिहास जरा उशिराच पोचला. १९९१ पूर्वी आयात कर इतका होता की परदेशी पेडल विकत घेणे सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरचे. रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे आखातात आणि बोटींवर कामाला होती. अशा वस्तू यायच्या त्या बहुधा त्यांच्या बॅगांतून, नाहीतर मुंबईत धोबी तलावच्या दुकानांतून एसटीने. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबई जवळ आली. गणपतीपुळ्यात परंपरेने घरोघरी मूर्ती बसत नाही, सारा गाव देवळातल्या स्वयंभू गणपतीलाच भजतो. त्यामुळे ऑर्केस्ट्रा वाजतो तो आसपासच्या गावांत, लग्नांत आणि सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेला. आजही अनेक ठिकाणी बेसचे काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो. ज्या संचात खरा बेस उभा आहे, त्या संचाचा मला आदर वाटतो.

ऑर्केस्ट्रात कोरस कुठे लावावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस कोरडा, गोल आणि नेमका आहे. त्यावर कोरस घातला की गाण्याचा कणा वाकतो. नव्वदीनंतरच्या संथ गाण्यांत, जिथे बेस लांब सूर धरतो किंवा वर सरकून दोन वाक्ये बोलतो, तिथे तो लावावा. फ्रेटलेस बेसवर तर तो फार गोड लागतो. जलद ठेक्यात, दर मात्रेला सूर तोडायचा असताना, पेडल बंदच बरे.

लावायचा तर वेग अगदी कमी ठेवावा, एक हेलकावा पूर्ण व्हायला दोन-तीन सेकंद लागावेत इतका. वेग वाढवला तर खोली त्याच प्रमाणात उतरवावी, कारण सूर किती ढळतो हे दोघांवर मिळून ठरते. नुसता खोलीचा काटा बघून अंदाज येत नाही. काँप्रेसर कोरसच्या आधी, रिव्हर्ब नंतर. घरी एकट्याने वाजवताना जे भरदार वाटते ते संचात पातळ होते, म्हणून काटे बसवायचे ते ढोलकी आणि ऑक्टोपॅड चालू असताना. मोकळ्या मैदानात खर्जाला भिंतींचा आधार नसतो, जे काही आहे ते बेस बिनमधूनच यायचे. तिथे मी प्रतीचे प्रमाण घरच्यापेक्षा निम्मे ठेवतो.

दोन आउटपुटच्या पेडलांबद्दल साउंडवाल्याशी आधीच बोलून घ्यावे. काही पेडलांत दुसऱ्या वाटेने हलती प्रत उलटी करून जाते. दोन्ही वायर मिक्सरवर एकाच आवाजात मिळवल्या तर दोन प्रती एकमेकींना पुसतात आणि कोरस नाहीसा होतो. गावातल्या बहुतेक कार्यक्रमांत दोन्ही बाजूंच्या बॉक्सना एकच आवाज जातो, तेव्हा एकच वायर काढलेली बरी.

आणि समुद्र. खाऱ्या हवेत जॅकवर गंज धरतो, बटणे फिरवताना खरखर ऐकू येते. पावसाळ्यात पेडल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, जॅक आणि बटणांना अधूनमधून काँटॅक्ट क्लीनर द्यावा. बॉसच्या पेडलांत इनपुटची वायर लावली की बॅटरी खर्च होऊ लागते, पेडल बंद असले तरी. कार्यक्रम संपल्यावर ती वायर काढायची, आणि महिनोन्‌महिने वाजवणार नसाल तर बॅटरीही काढून ठेवायची. ती फुटून गळली की आतल्या तांब्याच्या रेघा खाते, आणि जुनी चिप असलेले पेडल दुरुस्त करून देणारा माणूस आता रत्नागिरीतच काय, मुंबईतही शोधावा लागतो.