पवनाथडीतला चटणीचा पुडा

पवनाथडी जत्रा म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेने महिला बचत गटांच्या मालासाठी भरवलेली जत्रा. थडी म्हणजे काठ, पवना नदीचा. सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर ती अनेकदा भरली आहे. स्टॉल सोडतीने मिळतात. मात्र चिठ्ठीत नाव निघाले की मिळते ती फक्त जागा. खाण्याचे पदार्थ विकायची मुभा वेगळी.

गोधड्या, कापडी पिशव्या विकणाऱ्यांची यातून सुटका आहे. राज्यातल्या राज्यात वस्तूंची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असली, तर साधारणपणे जीएसटी नोंदणीही नको.

चटणी-पापडांचे तसे नाही. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. त्याखालच्या 2011 च्या नियमावलीने छोट्या व्यावसायिकांत फेरीवाल्यांच्या जोडीला तात्पुरत्या स्टॉलवाल्यांचेही नाव घेतले आणि सुरुवातीला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवान्याऐवजी नुसती नोंदणी ठेवली, तेव्हा वर्षाला 100 रुपयांत. बायका तिलाही ‘फूड लायसन’च म्हणतात. गोम वेगळीच आहे: नोंदणी जागेवर होते. चटणी थेरगावात एकीच्या घरी कुटली आणि पापड चिंचवडला दुसरीकडे लाटले, तर एका पत्त्याचा कागद दोन्हीकडे पुरत नाही. तो कागद स्टॉलवर दिसेल असाही लावायचा असतो. थालीपीठाच्या तव्यामागे टांगला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर तेलाचा थर असतो.

खरी दमछाक लेबलाची. शेंगदाणा चटणीच्या 200 ग्रॅमच्या पुड्यावर नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत खावी ते, सर्व करांसह किंमत, पत्ता, तक्रारीचा फोन, 14 अंकी नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एवढे बसवायचे. घटकही जास्त वजनाचा आधी: दाणे, मग तिखट, लसूण, मीठ. तारीख बॉलपेनने लिहिली, तर दाण्यांचे तेल पाझरल्यावर आधी तीच फिसकटते.

सुटा माल विकला की लेबलाचा बराच जाच टळतो, पण काटा आड येतो. त्यावर वैधमापन शास्त्र विभागाची मोहोर हवी. केकचे पीठ मोजायचा घरचा काटा चालत नाही.

चाकणकडच्या खेड्यांतले गट महापालिकेऐवजी ‘उमेद’ या ग्रामीण अभियानाकडे येतात. त्यांना मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची वाट आहे, पण घरून भरून नेलेल्या पुड्यावरचा क्रमांक तिथेही तोच.