डोरा, डोया आणि हरवलेला आवाज

मोहाडी तालुक्यातल्या करडीहून एका वाचकाने विचारलं आहे : संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची आई म्हणून जी मूळ इंडो-युरोपीय भाषा सांगतात, तिचं एक अक्षरही कुठे लिहिलेलं सापडत नाही. मग ती पंडितांनी घरी बसून रचलेलीच ना?

रचलेली, हे खरं. पण कशी, ते करडीत बसूनच कळतं. तिथल्या झाडीबोलीत डोळ्याचा 'डोरा' होतो, काळ्याचा 'कारा'. वऱ्हाडात तेच 'डोया', 'काया'. आता समजा, ळ जगातून पुसला गेला. पोथ्याही गेल्या, उरल्या या दोनच बोली. 'वारा' दोन्हीकडे वाराच, 'पाया' दोन्हीकडे पायाच. म्हणजे इथला प्रत्येक र तिकडे य होत नाही. मग डोरा-डोयाच्या मुळाशी र नव्हता, य-ही नव्हता. तिसराच कुणी होता. तो कसा ऐकू यायचा ते सांगता येणार नाही, पण होता!

भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी नेमकं हेच केलं, तेही एकविसाव्या वर्षी. भगिनीभाषांमधल्या स्वरांची गणितं जुळेनात, तेव्हा १८७८ मध्ये त्यांनी मूळ भाषेत काही हरवलेले आवाज मानले. ते घशातले असावेत, हे सुचवलं डेन्मार्कच्या हेरमान म्योलर यांनी. त्यांचं नाव मात्र फारसं घेतलं जात नाही. पुढे तुर्कस्तानातल्या मातीच्या फलकांवरची, याच कुळातली हित्ती भाषा १९१५ मध्ये उलगडली आणि १९२७ मध्ये येझी कुरिलोविच यांनी दाखवलं की, सोस्यूरना हवे होते तिथेच तिच्यात 'ह'सारखा आवाज आहे. सोस्यूर १९१३ मध्येच वारले होते.

आवाज होता हे कळतं, तो नेमका कसा ऐकू यायचा ते नाही. म्हणून इंटरनेटवरच्या 'ऐका मूळ भाषा' छाप ध्वनिफितींवर विश्वास ठेवू नये. भाषाशास्त्रज्ञ श्लायखर यांनी १८६८ मध्ये या भाषेत मेंढी आणि घोड्यांची गोष्ट लिहिली; हिर्ट यांनी पुन्हा लिहिलेली तीच गोष्ट १९३९ मध्ये छापली गेली, तर ओळखू येईना.

जाता जाता एक. भंडाऱ्याच्या 'पानी'ला हसणाऱ्यांनी आपलं 'पान' तपासावं. संस्कृत 'पर्ण'मधल्या ण-चा प्रमाण मराठीतही न झाला आहे, आणि 'पानीय'मधल्या न-चा ण.

करडीकरांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द लिहून पाठवा. जसे ऐकलेत तसेच. शुद्ध करून नकोत.