विश्लेषण : रक्तवाढीची लाल गोळी डब्यातच का राहते?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आहे, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या डोंगरातल्या भातशेतीच्या वाड्या. दोन्हीकडच्या गरोदर महिलेच्या हाती एक गोष्ट सारखीच पडते, ती म्हणजे लोहाची गोळी. वाडीवर ती आशाताई किंवा उपकेंद्रातून मोफत मिळते, हिंजवडीत ती औषधाच्या दुकानातून विकत घेतली जाते. मात्र ती रोज पोटात जातेच असे नाही. मळमळते, ‘गरम पडते’, बाळ काळे होते, बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अडते, अशी कारणे आरोग्य कर्मचाऱ्यांना ऐकावी लागतात. शेवटच्या दोन समजुतींना काहीच आधार नाही. मळमळ मात्र खरी असते.

रक्तक्षय किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. हे मोजमाप बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाचे आहे आणि शिरेतून रक्त घेतल्यास आकडे कमी येतात, असा आक्षेप आहे. तो मान्य केला तरी प्रश्न लहान ठरत नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात आणि सातच्या खाली गेले की तो तीव्र. अशा महिलेला बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर एरवी सोसता येण्याजोगा रक्तस्रावही जीवावर बेततो. तालुक्याच्या आडबाजूच्या वाडीतून भर पावसात पौड किंवा पुणे गाठायचे असेल, तर हाताशी वेळही थोडाच असतो.

गोळी काय करते?

‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात गरोदर महिलेला ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असलेली लाल गोळी १८० दिवस रोज आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस द्यायची आहे. रक्तक्षय असल्यास रोज दोन गोळ्या देतात. शाळेतील मुला-मुलींची निळी गोळी आठवड्यातून एकदा असते. लोहाची कमतरता हेच कारण असेल, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते. धाप आणि थकवा कमी होतो. इथेच अनेक जणी गोळी सोडतात. शरीरातला लोहाचा साठा भरायला मात्र हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही सुमारे तीन महिने लागतात.

त्रास का होतो?

गोळीतले बरेचसे लोह शोषले न जाता आतड्यातच उरते. बद्धकोष्ठ, पोटात मुरडा, तोंडाला धातूची चव हे त्यामुळेच. शौचास काळी होते, त्यात घाबरण्याचे कारण नसते. ही एक गोष्ट आधी सांगितली तरी पुष्कळ गोळ्या वाचतील. लोह घेतले की यकृत ‘हेप्सिडिन’ नावाचे संप्रेरक सोडते आणि पुढचे सुमारे २४ तास आतडे लोहाला दार लावून घेते. झुरिच येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की लोह कमी असलेल्या महिलांमध्ये दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह रोजच्यापेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. त्रास असह्य असेल तर हा पर्याय डॉक्टरांना विचारावा. गरोदर महिलेने स्वतःहून मात्रा कमी करू नये.

गोळी चहासोबत घेणे म्हणजे ती अर्धी वाया घालवणे. दुधाचे आणि कॅल्शियमच्या गोळीचेही तसेच. त्यामुळे दोन्ही गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे, थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे. लिंबूपाण्यासोबत, उपाशीपोटी घेतलेली उत्तम. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर.

सगळा रक्तक्षय लोहाचाच का?

नाही, आणि गोळीची मर्यादा इथेच आहे. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभे राहताना अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या त्वचेतून शिरतात आणि पुढे आतड्यात रक्त शोषत राहतात. तिथे जंतनाशक गोळीशिवाय लोह म्हणजे गळक्या घागरीत पाणी.

दुसरे कारण तर पुण्याच्याच संशोधनाने पुढे आणले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा १९९० च्या दशकापासून अभ्यास केला. निम्म्याहून अधिक गरोदर महिलांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. दूध-अंडी-मांस ताटात क्वचित, हे त्यामागचे मुख्य कारण. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. याचा अर्थ फॉलिक अॅसिड टाळावे असा नाही. गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी ते हवेच. पण गोळ्या नेमाने घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन हलले नाही, तर गोळ्या वाढवण्याऐवजी बी-१२ तपासायला हवे. लाल गोळीत ते नसते.

धोका कुणाला?

थॅलेसेमियाच्या वाहकांचे हिमोग्लोबिन जन्मजात कमी असते. लोहाची कमतरता न तपासता त्यांनी वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्यास लोह साठत जाते. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या महिलेत रक्त कमी झाले, तर आधी पोटातला छुपा रक्तस्राव शोधावा लागतो. दुकानातून टॉनिक आणून तो झाकला जाऊ शकतो. हिवतापाच्या भागात सरसकट लोह देणेही सुरक्षित नसते. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावरील बालकांत रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते.

सर्वात जवळचा धोका मात्र घरातल्या फळीवर असतो. गोळी लाल, गुळगुळीत, गोडाच्या गोळीसारखी. दहा किलो वजनाच्या मुलाने चार गोळ्या गिळल्या तरी विषबाधा सुरू होऊ शकते. दहा गोळ्या जीवघेण्या ठरू शकतात. उलट्या थांबून मूल काही तास बरे वाटते आणि मग प्रकृती ढासळते. म्हणून ‘आता बरे आहे’ म्हणून घरी न थांबता, रिकामे पाकीट सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.