महाकाय पर्यटननौका : नियोजनापूर्वीची माहिती

• नौका : फिनलंडमधील तुर्कूच्या गोदीत बांधली जाऊन जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीस निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब असून तिला २० मजले आहेत.

• टनभार : २,४८,६६३ हा तिचा सकल टनभार वजनाचा नसून अंतर्भागाच्या घनफळावरून काढलेला आकडा होय.

• क्षमता : दर खोलीत दोघे या हिशेबाने ५,६१० प्रवासी, कमाल सुमारे ७,६००, खेरीज सुमारे २,३५० कर्मचारी.

• खोल्या : बिनखिडकीची, सागराभिमुख खिडकीची, सज्जाची आणि प्रशस्त दालनांची, असे मुख्य प्रकार. दर बहुधा खोलीत दोघे गृहीत धरून माणशी.

• मोसम : अटलांटिकमधील चक्रीवादळांची अधिकृत मुदत १ जून ते ३० नोव्हेंबर; हवामानानुसार मार्ग बदलण्याचा अखत्यार कप्तानाचा.

• दस्तऐवज : मायामीहून निघून तेथेच परतणाऱ्या सफरीत अमेरिकेत पुनःप्रवेश करावा लागत असल्यामुळे, भारतीय पारपत्रधारकाचा अमेरिकी व्हिसा अनेकवार प्रवेशाची मुभा देणारा असावा.

• सुरक्षा-कवायत : जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’स झालेल्या अपघातानंतर दुरुस्त केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमान्वये, २०१५ पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत नौका सुटण्यापूर्वी अथवा सुटताच घेणे बंधनकारक.